ज्या खर्चाचा निर्णय कोणीच घेतला नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते कळेल. घरात पाच माणसं: तुम्ही दोघं, तेरा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. दोघांची मिळकत बरी आहे, तरी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हात आखडता घ्यावा लागतो. म्हणून तुम्ही मनोरंजनाचा सगळा खर्च एका फटक्यात थांबवला. सिनेमा बंद, बाहेरचं खाणं बंद, ओटीटी बंद. सहा आठवडे घरात धुसफुस चालली, आणि मग एका रविवारी सगळे मिळून बाहेर पडलात, तेव्हा साठवलेलं सगळं त्या एका दिवसात उडालं. मुलगा म्हणतो आई कंजूष झाली. नवऱ्याचं म्हणणं, दिवे-पंखे बंद करायची शिस्त लावा आणि सासूबाईंच्या टीव्हीचं चॅनेल-पॅक काढून टाका, हल्ली टीव्ही बघतं कोण! आणि तुम्हाला कळत नाहीये की सुरुवात कुठून करायची.

वीस वर्षं मी लोकांच्या घरखर्चाच्या वह्या बघते आहे. सरसकट बंदी टिकलेली मी जवळजवळ पाहिलीच नाही. त्यात तुमचा दोष नाही. ज्या गोष्टीत घरातल्यांना खरोखर मजा येत होती ती तुम्ही थांबवलीत, आणि ज्यात कोणालाच मजा येत नव्हती ती तशीच चालू राहिली. मुलाच्या तक्रारीत तथ्य आहे, एवढंच म्हणते.

वहीतल्या प्रत्येक ओळीला मी एकच प्रश्न विचारते: हे कोणी ठरवलं, आणि कधी? गरज आहे की चैन, रक्कम मोठी की लहान, हे नंतर. घरभाड्याचं उत्तर लगेच मिळतं. मुलीच्या पोहण्याच्या वर्गाचंही मिळतं. पण काही ओळींवर नवरा बायकोकडे बघतो, बायको नवऱ्याकडे, आणि मग दोघंही मोबाइल चाचपायला लागतात. त्या ओळींपासून सुरुवात करायची. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तो प्रकार तिथे चाललेला असतो.

हे मी उंच आसनावर बसून सांगत नाही. मुलांना चित्रकला शिकवणाऱ्या एका ॲपचा आठवडाभराचा मोफत ट्रायल मी घेतला होता. मुलांनी तीन दिवस रंग फासले, चौथ्या दिवशी विसरले, मीही विसरले. ॲप फोनवरून काढून टाकलं आणि विषय संपला असं समजले. चौदा महिने पैसे जात होते. ॲप काढलं म्हणून वर्गणी थांबत नाही, ती फोनच्या ॲप-स्टोअरमधल्या सबस्क्रिप्शनच्या पानावर किंवा त्या कंपनीच्या खात्यात जाऊन वेगळी रद्द करावी लागते. दुसऱ्यांच्या वह्या तपासणारी बाई स्वतःच्या वहीत अशी आंधळी निघाली.

तर एक संध्याकाळ काढा. बँकेचा आणि कार्डाचा मागच्या बारा महिन्यांचा उतारा घ्या. लोक तीन महिन्यांचा घेतात आणि वर्षातून एकदा कापली जाणारी वर्गणी नेमकी निसटते. उताऱ्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या रकमांखाली रेघ मारा. दोघांच्याही फोनमधलं सबस्क्रिप्शनचं पान उघडा, मुलाच्या फोनमधलंही. ई-मेलमध्ये पावती, नूतनीकरण, ऑटो-रिन्यू असे शब्द टाकून शोधा. क्लाउडवरची साठवण, गेममधला मासिक पास, कधीकाळी घेतलेलं फिटनेस ॲप, गाण्यांची एकाच घरात दोन वेगळी खाती, हे हमखास सापडतं. दोन वेगळ्या खात्यांऐवजी एक कौटुंबिक प्लॅन स्वस्त पडतो का, तेही त्याच बैठकीत बघून टाका.

माणूस वर्गणीच्या बाबतीत असा का वागतो यावर एक छान अभ्यास आहे. डेलाविन्या आणि माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तीन अमेरिकी व्यायामशाळांतल्या साडेसात हजारांहून जास्त सभासदांच्या नोंदी तपासल्या. निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. मासिक वर्गणी भरणारे लोक महिन्याला सरासरी चार-पाच वेळाच जात होते. दहा भेटींचा पास घेतला असता तर जे पडलं असतं, त्यापेक्षा त्यांना दर भेट सुमारे सत्तर टक्के महाग पडत होती. आणि शेवटची भेट झाल्यापासून वर्गणी रद्द करेपर्यंत सरासरी दोन महिन्यांहून जास्त काळ जात होता. आपण उद्याचे आपण कसे असू, याचा अंदाज बांधून पैसे भरतो, आणि उद्याचे आपण आजच्यासारखेच आळशी निघतो.

यावरचा माझा उपाय अगदी साधा आहे: ज्या मिनिटाला वर्गणी सुरू कराल, त्याच मिनिटाला ती रद्द करा. बहुतेक सेवा भरलेल्या मुदतीपर्यंत चालू राहतात, फक्त पुढचं नूतनीकरण होत नाही. मोफत ट्रायलमध्ये मात्र काही सेवा रद्द करताच बंद पडतात, म्हणून तिथे अटी वाचा आणि मुदत संपायच्या दोन दिवस आधीचा गजर लावा. मुदत संपली आणि घरात कोणी विचारलं, 'अरे, ते लागत का नाही?', तर पुन्हा भरा. कोणीच विचारलं नाही, तर उत्तर मिळालं.

ओटीटीचं पूर्ण बंद करण्याऐवजी पाळीपाळीने घ्या. या महिन्यात एक, दोन महिन्यांनी दुसरं. मालिका कुठे पळून जात नाहीत, उलट सगळे भाग आलेले असतात. इथे वार्षिक प्लॅनचा मोह होतो, कारण त्यावर सवलत ठळक अक्षरात लिहिलेली असते. हिशोब असा करायचा: वार्षिक रक्कम भागिले मासिक रक्कम. उत्तर आठ आलं, तर वर्षातले आठ महिने तुम्ही ती सेवा खरोखर वापरणार असाल तेव्हाच फिटंफाट होते. पाळीपाळीने घेणारं घर एक सेवा वर्षात तीन-चार महिने वापरतं, त्यामुळे ती सवलत तुमच्यासाठी तोट्याचीच.

प्लॅनची पायरीही तपासा. सर्वात वरच्या पायरीचे पैसे फोरके, म्हणजे एचडीहूनही स्पष्ट, चित्रासाठी आणि एकाच वेळी चार पडद्यांसाठी असतात. टीव्ही फोरके नसेल, किंवा निम्मं बघणं फोनवर होत असेल, तर ते पैसे हवेत जातात. त्यात डेटाही जातो. साधारणपणे एचडी व्हिडिओ तासाला तीन जीबीपर्यंत घेतो, फोरके सातच्या आसपास, आणि कमी दर्जाचा एक जीबीच्या आत. फोनच्या पडद्यावर फरक दिसत नाही. मुलांच्या फोनवर दर्जा मध्यम करून ठेवा, आणि प्रवासात बघायचं ते घरच्या वायफायवर आधीच उतरवून घ्या.

आणि हो, काखेत कळसा आहे का तेही बघा. मोबाइलच्या प्लॅनबरोबर, ब्रॉडबँडबरोबर किंवा एखाद्या कार्डाबरोबर कुठलीतरी ओटीटी सेवा फुकट जोडलेली असते, आणि तीच सेवा घरातला दुसरा माणूस पैसे भरून वेगळी घेत असतो. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता सगळ्यात आधी हेच विचारते.

आता त्या रविवारबद्दल. तुम्ही एकूण आकडा लिहिलात, पण तो फोडून लिहा: जाण्यायेण्याचा खर्च, पार्किंग, तिकिटं, ऑनलाइन आरक्षणाचं शुल्क, मध्यंतरातलं खाणं, नंतरचं जेवण, आणि वाटेत दुकानात शिरून घेतलेलं काहीतरी. मी ज्या ज्या कुटुंबाला हे करायला लावलं, त्यांतल्या बहुतेकांना तिकिटं निम्म्याहून कमी निघाली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! मग बचत कोंबडीत शोधून काय उपयोग? सिनेमा ठेवा, मसाला बदला. पोट भरून निघा. कामाच्या दिवसाचा किंवा सकाळ-दुपारचा खेळ बहुतेक ठिकाणी स्वस्त असतो. खिडकीवर तिकीट मिळत असेल आणि ती वाटेवरच असेल, तर आरक्षणाचं शुल्क वाचतं.

त्याहून महत्त्वाचं, एकूण रक्कम घरातून निघण्याआधी ठरवा. बाहेर पडल्यावर 'आता आलोच आहोत तर' हे वाक्य सुरू होतं, आणि त्या वाक्यासारखं महागडं वाक्य मी ऐकलं नाही. मोठ्या खर्चाच्या शेजारी लहान खर्च आणखी लहान दिसतो. पाच तिकिटं काढल्यावर पाच पेयांचं काही वाटत नाही. घरी बसून तीच पेयं कोणी तेवढ्याला मागवली असती तर तुम्हीच ओरडला असता.

कशाने पैसे देता त्यानेही फरक पडतो. प्रेलेक आणि सिमेस्टर यांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सामन्याच्या तिकिटांसाठी बंद बोली लावायला सांगितली होती. काहींना रोख द्यायचे होते, काहींना क्रेडिट कार्डाने. कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या सरासरी दुपटीच्या घरात गेली. तिकिटं तीच, माणसंही एकाच वर्गातली. म्हणून सहलीचे पैसे वेगळ्या पाकिटात रोख न्या, किंवा एखाद्या वॉलेटमध्ये तेवढीच रक्कम भरून न्या. पाकीट रिकामं झालं की घराकडे वळायचं. मुलांना 'नाही' म्हणायचं काम मग पाकीट करतं, आई नाही. तुमच्या घरात याची विशेष गरज दिसते.

एकदा पैसे भरले की शेवटपर्यंत बसलंच पाहिजे, हाही एक भ्रमच. १९८५ सालच्या एका अभ्यासात आर्क्स आणि ब्लूमर यांनी नाटकांच्या हंगामी तिकिटांवर काही ग्राहकांना अचानक सवलत दिली. ज्यांनी पूर्ण पैसे भरले होते ते हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात जास्त नाटकांना गेले. नाटकं सगळ्यांना तीच होती, फरक होता तो फक्त भरलेल्या पैशांच्या टोचणीचा. ते पैसे तर दोन्हीकडे गेलेलेच असतात. मध्यंतरापर्यंत सगळे जांभया देत असतील तर उठून या, निदान मध्यंतरातल्या खाण्याचे पैसे वाचतील.

मनोरंजनाची किंमत तासाच्या हिशोबाने मोजा, असं बरेच सल्लागार सांगतात. मीही सांगते, पण अर्धंच. वारंवार वापरायच्या गोष्टींना ती फूटपट्टी चांगली लागू पडते: वर्गणी, गेम, वाद्य, सायकल, पत्त्यांचा जोड, बुद्धिबळाचा पट. महिन्याची रक्कम भागिले घरातल्यांनी मिळून वापरलेले तास. एखादी सेवा महिन्यात दोन तास बघितली जाते आणि दुसरी चाळीस, हे कागदावर आलं की वाद मिटतो. पण एकदाच घडणाऱ्या गोष्टींना ही पट्टी लावू नका. आवडत्या गायकाची मैफल तीन तासांची असते आणि आठवण तीस वर्षांची. तासाच्या हिशोबाने गेलात तर माणूस आयुष्यभर सोफ्यावर बसून सगळ्यात स्वस्त सेवा बघत राहील.

फुकट मनोरंजनाबद्दल लोकांना वाटतं की ते हलक्या दर्जाचं असतं. सार्वजनिक वाचनालय ही माणसाने शोधलेली सगळ्यात मोठी सामायिक वर्गणी आहे, आणि अनेक वाचनालयांत आता ई-पुस्तकं, नियतकालिकं, खेळसुद्धा मिळतात. प्रोजेक्ट गुटेनबर्ग हे ई-पुस्तकांचं ग्रंथालय १९७१ साली सुरू झालं, आज तिथे सत्तर हजारांहून जास्त पुस्तकं कायदेशीररीत्या मोफत आहेत, कारण त्यांतल्या बहुतेकांचा स्वामित्वहक्क अमेरिकेत संपलेला आहे. लिब्रिव्हॉक्सवर २००५ पासून स्वयंसेवक अशीच पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत आले आहेत. बहुतांश इंग्रजी, पण इतर भाषाही आहेत. तुमच्या मुलाला बुद्धिबळ आवडत असेल तर लिचेस ही बुद्धिबळाची साइट पूर्णपणे मोफत आहे, जाहिराती नाहीत, पैसे मागणारी कुठली पायरी नाही. चोरीच्या साइटवरून सिनेमे उतरवायचा मार्ग मात्र मी कोणाला सांगत नाही. कायद्याचा भाग आहेच, शिवाय त्यातून आलेला व्हायरस काढायला जे पैसे जातात त्यात वर्षाची वर्गणी निघते.

आता तुमच्या नवऱ्याच्या मुद्द्याकडे. दिवे बंद करावेत, जरूर करावेत. पण हिशोब बघा. नऊ वॉटचा एलईडी बल्ब पाच तास उगाच जळत राहिला तर ०.०४५ युनिट वीज गेली. आता गरम पाणी. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ४.१९ किलोज्यूल लागतात, आणि एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. मिनिटाला बारा लिटर पाणी सोडणाऱ्या शॉवरखाली कोणी दहा मिनिटं उभं राहिलं आणि ते पाणी पंधरा अंशांनीच तापवलेलं असलं, तरी दोन युनिटं गेली. त्या एका अंघोळीच्या विजेत तो बल्ब साडेनऊ दिवस अहोरात्र जळेल. त्यामुळे दिव्यावरून मुलीला ओरडण्याआधी मिनिटाला सहा-सात लिटर सोडणारं शॉवरचं तोंड बसवा. ते एकदाच करायचं काम आहे, त्याला रोजची शिस्त लागत नाही. घरखर्चात शिस्तीवर अवलंबून असलेली बचत मी कायम अर्धीच धरते.

ज्या यंत्रात उष्णता तयार होते किंवा बाहेर फेकली जाते, ते यंत्र वीज खातं, एवढं लक्षात ठेवलं तरी बिल वाचता येतं: गिझर, हीटर, एसी, फ्रिज, इस्त्री, कपडे वाळवायचं यंत्र. वॉशिंग मशीनला गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला तर बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते, म्हणून रोजचे कपडे थंड पाण्यात आणि यंत्र भरून धुवा. साबणाची पावडर जास्त घातल्याने कपडे जास्त स्वच्छ निघत नाहीत, फक्त जास्त वेळ खळबळावे लागतात. फ्रिज चार अंशांच्या आसपास आणि फ्रीझर उणे अठरावर पुरेसा असतो, त्याहून थंड ठेवण्यात काही मिळवत नाही. फ्रिजच्या दारात कागदाचा तुकडा अडकवून ओढून बघा. सहज निघाला तर रबर सैल झालंय.

भांड्यावर झाकण ठेवा, हे मी लिहायलाही नको.

न दिसणारी वीज मात्र बघा, कारण ती पुन्हा त्याच जातीची आहे, कोणीच न ठरवलेली. एखादं उपकरण वर्षभर फक्त एक वॉट घेत बसलं तर ८.७६ युनिटं होतात. नव्या टीव्हीचं स्टँडबाय क्षुल्लक असतं, त्याच्यासाठी रोज वाकून बटण बंद करण्यात अर्थ नाही. पण जुने काही सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केले तरी जवळजवळ चालू असल्याइतकीच वीज घेतात. बारा वॉटचा असा बॉक्स अहोरात्र राहिला तर वर्षाला शंभराहून जास्त युनिटं होतात. हात लावून बघा, बंद असताना कोमट लागला तर संशय घ्या. गेमिंग कन्सोलवरून सिनेमे बघत असाल तर टीव्हीतल्याच ॲपवरून बघा. तेच चित्र दाखवायला कन्सोल कित्येक पट वीज घेतो. प्लगमध्ये लावून वीज मोजायचं छोटं मीटर मिळतं, ते कोणाकडून आठवडाभर उसनं आणा. मुलाला तेच काम द्या, घरभर फिरून मोजायचं. तेरा वर्षांच्या मुलाला यात कमालीचा रस वाटतो, आणि त्याचं म्हणणं वडीलही ऐकतात.

पाण्याचं एकच सांगते. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी घालवतो, वर्षाला दहा हजार लिटर. संडासची टाकी आवाज न करता गळते, म्हणून टाकीत खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. खाली रंग दिसला तर वॉशर बदला.

किराण्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, 'आम्ही मोठं पाकीटच घेतो'. इथे मला थांबावंसं वाटतं. मोठं पाकीट स्वस्त पडतंच असं नाही. किंमत भागिले वजन करून बघा, कधीकधी मधल्या आकाराचं पाकीट सगळ्यात स्वस्त निघतं, कारण दुकानदाराला माहीत असतं की मोठ्या पाकिटाला लोक हिशोब न करता हात घालतात. शिवाय खराब होणाऱ्या मालात आणखी एक गोम आहे. समजा मोठं पाकीट दर किलोला वीस टक्के स्वस्त पडलं, पण त्यातलं चौथा हिस्सा टाकून द्यावं लागलं. म्हणजे ऐंशीच्या मोबदल्यात पंच्याहत्तरच पोटात गेले. प्रत्यक्षात तुम्हाला ते सहा-सात टक्के महाग पडलं, वर सवलतीचं समाधान.

अन्न टाकणं हे आपल्याला वाटतं त्याहून फार मोठं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ सालच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात एक अब्ज टनांहून जास्त अन्न वाया गेलं आणि त्यातलं सुमारे साठ टक्के घराघरांतून गेलं. माणशी वर्षाला ७९ किलो. तुमच्या घराची सरासरी याच्या निम्मी धरली तरी पाच माणसांची रास किती होईल बघा. उपाय कंटाळवाणा आहे: फ्रिजच्या डोळ्यासमोरच्या कप्प्यात एक डबा ठेवा, 'आधी हे संपवा'. बाजाराला निघण्याआधी त्या डब्याचा फोटो काढा. आणि पाकिटावरच्या तारखा नीट वाचा. अमुक तारखेपूर्वी सर्वोत्तम, ही सूचना चवीबद्दल असते, त्या दिवशी पदार्थ विषारी होत नाही. अमुक तारखेपर्यंतच वापरा, ही मात्र पाळायची.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, म्हणून विचारते. त्या रविवारचे पैसे क्रेडिट कार्डावर आहेत का? आणि कार्डाचं बिल पूर्ण भरता की किमान रक्कम? किमान रक्कम भरत असाल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी ते मिटवा. महिन्याला तीन टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं. व्याजावर व्याज चढत गेलं तर वर्षाला ते साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातं आणि दोन वर्षांत रक्कम दुप्पट होते. उधारीचं पोतं सव्वा हात रितं, ते हेच. शॉवरचं तोंड, झाकण, वाचनालय, यांतलं काहीही त्या व्याजाला पुरं पडणार नाही. बिनव्याजी म्हणून दिलेल्या हप्त्यांमध्येही प्रक्रिया शुल्क आणि रोखीवरची हुकलेली सवलत धरून बघा, मग ते बिनव्याजी राहतं का ते ठरवा.

मनोरंजनाला महिन्याची ठरावीक रक्कम बांधा, शून्य नको. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार महिलेने १९०४ साली घरखर्चाची वही छापून लोकप्रिय केली. काकेबो म्हणतात तिला. आज त्या पद्धतीत साधारण चार कप्पे करतात: गरजेचं, हौसेचं, सांस्कृतिक आणि अनपेक्षित. पुस्तकं, संगीत, नाटक यांना हौसेपासून वेगळा कप्पा आहे हे मला फार आवडतं. हौसेला कात्री लावताना पुस्तकं चुकून कापली जात नाहीत.

तुमच्या घरात मी असं करेन. ठरलेली रक्कम महिन्याच्या पहिल्या तारखेला वेगळी काढा आणि हिशोब मुलाच्या हातात द्या. काय बघायचं, कुठली सेवा चालू ठेवायची, बाहेर जायचं की ते पैसे पुढच्या महिन्यात न्यायचे, हे तो ठरवेल, बहिणीला आणि आजीला विचारून. उरलेले पैसे परत घेऊ नका, पुढच्या महिन्यात त्यातच जमा राहू द्या, नाहीतर महिनाअखेर तो ते उडवणारच. पहिला महिना गडबडीचा जाईल. कदाचित दहा तारखेलाच सगळं संपेल आणि वीस दिवस घरात पत्ते खेळले जातील. तेव्हा मध्ये पडून भर घालू नका. तिसऱ्या महिन्यात तोच तुम्हाला मध्यंतरातल्या खाण्याची किंमत सांगायला लागेल.

आणि सासूबाईंचं चॅनेल-पॅक. तुम्ही लिहिलंय की त्या दुपारी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास टीव्ही बघतात. म्हणजे महिन्याला एकशे वीस तास. पॅकची रक्कम त्याने भागा, मग ओटीटीची रक्कम तुम्ही दोघं खरोखर बघता त्या तासांनी भागा, आणि दोन्ही आकडे नवऱ्याला दाखवा. पॅकमध्ये त्या बघत नाहीत असे चॅनेल असतील तर ते त्यांना विचारून काढा. बाकी त्यांच्या रिमोटला हात लावू नका.